चुकीचं छापलेलं पोकेमॉन कार्ड हाती लागलं, आता?

अभिनंदन! पण लगेच किंमत सांगत सुटू नकोस. एका बाजूची कडा थोडी जाड, दुसरीकडची बारीक, एवढ्याने कार्ड दुर्मीळ होत नाही. उलट ग्रेड, म्हणजे कार्डाच्या स्थितीला मिळणारा दर्जा, घसरते. शेजारच्या कार्डाची पट्टी किंवा कापणीची खूण दिसत असेल तरच तो खरा मिसकट (चुकीच्या जागी कापलेलं कार्ड), आणि त्याला वेगळी गिऱ्हाइकं असतात.

सुरुवातीला एवढंच बघ:

- स्टीलच्या पट्टीने मोज. पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं. अर्धा मिलिमीटरही कमी भरलं, तर कुणीतरी कडा छाटल्याची शंका घे.
- चूक किती कार्डांवर आहे? १९९९ च्या 'जंगल' नावाच्या पोकेमॉन संचातली, संचाचं चिन्ह छापायचं राहिलेली होलो (चमकदार चित्राची) कार्डं प्रसिद्ध आहेत, पण ती एकदोन नाहीत, भरपूर आहेत.
- शाईची रेघ बोटाने घासू नकोस, पुसूही नकोस. मी नौपाड्यात घरी बसून एक डाग 'साफ' केला होता, वरची चकाकीच गेली. अजून हळहळतो.

आणि आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात फॉइल (चमकदार थर असलेलं) कार्ड धनुष्यासारखं वाकतं. ती छपाईची चूक नव्हे, दमटपणा आहे. आधी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट), डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल. भाव नंतर बघू. विकलेल्या कार्डांचे बघायचे, मागितलेले नाहीत.