तिसऱ्या डाउनला तू मैदानावर असशील का?

प्रिय मित्रा,

हायस्कूल सोडून तुला तीन वर्षं झाली, म्हणजे एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टला, जिथे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात, तू पात्र आहेस. जानेवारीच्या मध्यापर्यंत नाव द्यायचं की आणखी एक सीझन कॉलेजात काढायचा, हे ठरवायचंय. तू रनिंग बॅक, चेंडू घेऊन पळणारा; चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक असतास तर मी वेगळं सांगितलं असतं. तो पस्तिशीतही खेळतो; रनिंग बॅक मात्र बहुतेक अठ्ठाविशीच्या आसपास उताराला लागतो. कॉलेजात गुडघ्यांनी खाल्लेला मार पुढे कुणी वजा करत नाही.

आधी कोचमार्फत एनएफएलच्या कॉलेज सल्लागार समितीचं मत मागव. उत्तर तीनपैकी एकच येतं: पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची, किंवा कॉलेजात थांब. पहिल्या दोनांपैकी काहीही आलं तर निघ. अ‍ॅश्टन जेंटीने 2024 मध्ये बॉयसी स्टेट या कॉलेजसाठी 374 कॅरींत (चेंडू घेऊन 374 वेळा पळून) 2601 यार्ड काढले आणि एक वर्ष शिल्लक असताना निघाला. सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. एवढ्या कॅरी झाल्यावर तसंच आणखी एक वर्ष कॉलेजसाठी खर्च करण्यात शहाणपण नव्हतं.

घाई कशासाठी, तर दुसऱ्या करारासाठी. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि तीन सीझन होईपर्यंत त्यात वाढ मागता येत नाही. पहिल्या फेरीतल्याचं पाचवं वर्ष संघाच्या हातात असतं, वर फ्रँचायझी टॅग, म्हणजे करार संपल्यावरही संघ त्याला आणखी एक वर्ष रोखून धरू शकतो. रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला, तरी मोकळा व्हायला त्याला सहा सीझन लागले. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. तू उशिरा निघालास तर याच हिशेबात तुझं वय आणखी एकाने वाढेल.

'थांब' असं उत्तर आलं तर मात्र कागद-पेन घे. 2025 मध्ये नवख्याचा किमान पगार वर्षाला 8 लाख 40 हजार डॉलर होता, पण तो 53 जणांच्या संघात टिकलास तरच. ऑगस्टच्या शेवटी कपात झाली की हातात राहतो तो जवळजवळ फक्त साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम), आणि शेवटच्या फेऱ्यांत तो लहान असतो. उलट जुलै 2025 पासून कॉलेजंही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. तुझ्या कॉलेजचा आकडा लेखी माग आणि दोन्ही शेजारी ठेव. पुढच्या सीझनला किती कॅरी देणार, हेही कोचला तोंडावर विचार. रनिंग बॅक आयझाया पाचेको 2022 मध्ये सातव्या फेरीत, 251 वा गेला आणि त्याच मोसमात सुपर बोलमध्ये, लीगच्या अंतिम सामन्यात, खेळला, हे खरं. पण त्याच्यावर हिशेब मांडू नकोस.

थांबलास तर एकाच कामासाठी थांब: ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारे जादा बचावपटू, अडवणं. पळता सगळ्यांनाच येतं. नवख्याला तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा, तेव्हा बहुधा चेंडू फेकतात) बाहेर बसवतात ते क्वार्टरबॅकचा जीव त्याच्या हाती द्यायची भीती वाटते म्हणून. स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) माइक, म्हणजे समोरचा मधला लाइनबॅकर, कोण ते ऐक. आपली लाइन (मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल) कुणाला घेणार आणि तुझ्या वाट्याला कोण, हे तिथेच ठरतं. नजर आतून बाहेर ने. आधी सेंटर आणि गार्डमधली फट, मग टॅकलच्या बाहेरची बाजू, कारण आतून येणाऱ्याला सर्वांत कमी अंतर कापायचं असतं. पोरं दोन चुका करतात. जागेवर वाट बघतात, मग लाइनबॅकर पूर्ण वेगात अंगावर येतो. किंवा डोकं खाली घालून खांदा मारतात, आणि तो बाजूने निसटतो. पुढे होऊन त्याला लाइनजवळच गाठ. पाय रुंद, गुडघे वाकलेले, कोपरं आत, दोन्ही तळवे त्याच्या छातीवर, डोकं मागे. या सीझनमधले असे सगळे प्ले एकत्र काढ आणि किती वेळा तो तुला चुकवून गेला ते स्वतः मोज. संघांसाठी खेळाडू पारखणारे स्काउट तेच मोजतात.

निघणार असशील तर इंडियानापोलिसच्या कंबाइनआधी (ड्राफ्टपूर्वीच्या चाचण्यांआधी) जुन्या दुखापतींचे एमआरआय आणि ऑपरेशनचे कागद गोळा कर. तिथे संघांचे डॉक्टर एकेक सांधा वाकवून बघतात आणि लपवलेलं सापडतंच. 2024 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. सर्वांत आधी, 46 वा, जोनाथन ब्रूक्स गेला, तोही आदल्या नोव्हेंबरमध्ये एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) तुटलेला. ड्राफ्टनंतरच्या डिसेंबरमध्ये तोच गुडघा पुन्हा गेला. थांबणार असशील तर विम्याचं आताच बघ, आणि पॉलिसीत कोणती जुनी दुखापत वगळली आहे ती ओळ शोधून वाच.

एजंटला करारावर जास्तीत जास्त 3 टक्के घेता येतात. कंबाइनच्या तयारीचा खर्च कोण करणार आणि तो परत फेडायचा का, हे लेखी घे. आणि निर्णय पक्का होईपर्यंत सही करू नकोस, कारण व्यावसायिक करारासाठी एजंट नेमलास की कॉलेजचं दार बंद होतं. समितीचं पत्र आलं की कोणती फेरी ते कळव. करार आपण ओळ न् ओळ वाचू.

तुझा हितचिंतक