वाचकांचे प्रश्न : घाटमाथ्यावरचा कच्चा रस्ता आणि घाटाखालचा समुद्र

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आहे. गावातून नाल्यापलीकडच्या वाडीकडे जाणारा मातीचा रस्ता पावसाळ्यात वाहून जातो. ग्रामसभेत त्याच्या डांबरीकरणाची मागणी झाली, तेव्हा एका शिक्षकांनी सांगितले, की परदेशात कच्चे रस्ते पक्के करून किनाऱ्यालगतच्या समुद्राचे प्रदूषण कमी करतात. समुद्र घाटाखाली, आमच्या रस्त्याचा त्याच्याशी काय संबंध? आणि डांबर हाच त्यावरचा उपाय आहे का?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : संबंध आहे, मात्र तो तुमच्या रस्त्याचे पाणी कोणत्या अंगाला उतरते यावर अवलंबून आहे. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते, तर त्याच तालुक्यात भीमगडच्या रानातून निघालेली म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. मलप्रभेच्या अंगाची माती समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचते, कारण तिचा बराचसा भाग सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात बसतो. हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी याच जलाशयातून जाते, हे लक्षात घेता मला तरी ही बाजू समुद्राइतकीच महत्त्वाची वाटते.

रस्त्यावरची माती शेतातल्या मातीपेक्षा लवकर का वाहते, हे आधी पाहू. रस्त्यावर गवत नसते, चाकांनी जमीन दबल्यामुळे पाणी मुरत नाही आणि उन्हाळाभर वाहतुकीने तयार झालेली भुकटी पहिल्याच मोठ्या पावसात निघून जाते. चाकोऱ्यांत साचलेले पाणी उताराच्या दिशेने धावू लागले, की त्याचा वेग वाढतो, ते तळ खरवडते आणि नाल्यापाशी पोहोचेपर्यंत लाल होते. आपल्या जांभ्या मातीतील बारीक कण पाण्यात दीर्घकाळ तरंगतात, लोहामुळे फॉस्फरसलाही धरून ठेवतात आणि खाडीत खारे पाणी लागताच एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. अशा गाळाखाली शिंपल्यांची पिल्ले गुदमरतात आणि पाणवनस्पतींना सूर्यप्रकाश मिळत नाही. अर्थात मांडवीत गाळ येण्याची इतरही कारणे आहेत, त्यांत गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींचे ढिगारे ठळक आहेत. त्यामानाने तुमच्या एका रस्त्याचा वाटा लहानच राहील.

शिक्षकांनी सांगितलेले उदाहरण बहुधा कॅरिबियन समुद्रातील सेंट जॉन बेटासारखे असावे. तेथील तीव्र उताराचे कच्चे रस्ते हा प्रवाळांवर साचणाऱ्या गाळाचा प्रमुख स्रोत असल्याचे अभ्यासातून दिसले. मात्र तेथे रस्ते पक्के करण्यासोबत गटारे आणि गाळ थोपवणारी तळीही करण्यात आली, हा भाग सांगताना गळून पडतो.

तो महत्त्वाचा आहे, कारण डांबर माती झाकते. पाणी मात्र कमी करत नाही. पक्क्या रस्त्यावरून जवळजवळ सगळेच पाणी वाहून जाते, आणि मोरीच्या तोंडाशी ते एकवटून पडले, तर तेथे घळ पडते व रस्त्याची वाचलेली माती त्या घळीतून जाते. शिवाय टायरची झीज आणि तेल यांची भर पडते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने 1997 पासून राबवलेल्या कच्च्या रस्त्यांच्या कार्यक्रमात म्हणूनच सरसकट डांबरीकरणापेक्षा पाण्याचा निचरा आणि घट्ट दाबून बसवलेला, योग्य मिश्रणाचा खडीचा थर यांवर भर आहे.

तुमच्या ग्रामसभेने सगळा रस्ता एकदम मागण्याऐवजी नाल्याकडे उतरणारे दोन्ही बाजूंचे चढ आणि खुद्द नाला ओलांडण्याची जागा यांचे काँक्रीटीकरण आधी मागावे. निधी अपुरा असेल, तर फक्त चाकांखालच्या दोन पट्ट्या काँक्रीटच्या करून मधली जागा दगडांनी भरता येते. उरलेल्या सपाट भागाला मुरूम व खडी पुरेल. त्याला मधोमध उंचवटा देऊन दोन्ही कडांना साधारण चार टक्के उतार ठेवावा, म्हणजे पाणी चाकोरीत न थांबता बाजूला जाईल. गटाराचे पाणी थेट नाल्यात न सोडता ठिकठिकाणी आडव्या चरांनी गवताच्या पडीक जमिनीत सोडावे, मोरीच्या खाली दगडी पिचिंग (दगड बसवून केलेले अस्तर) करावे आणि कापलेल्या उभ्या कडेवर वाळा लावावा. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती धरतात. मे महिन्याच्या अखेरीस जेसीबीने रस्ता खरवडून “दुरुस्त” करण्याची पद्धत मात्र बंद करावी. ऐन पावसाच्या तोंडावर सुटी केलेली माती म्हणजे नाल्याला दिलेले आमंत्रणच होय. खरवडायचेच असेल, तर पावसाळा संपताना, जमिनीत ओल असताना करावे आणि लगेच रोलर फिरवावा.

रस्ता वनजमिनीतून किंवा भीमगड अभयारण्यातून जात असेल, तर कच्च्याचा पक्का करण्यासाठी वन खात्याची परवानगी लागते. तेव्हा आराखडा तयार करण्याआधीच पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) जमिनीची नोंद तपासून घ्यावी.