अमेरिकेचा फ्रेडी अडू १४व्या वर्षी प्रोफेशनल फुटबॉलर झाला, मग पुढे त्याचं नेमकं काय चुकलं?

'वय लहान होतं म्हणून वाया गेला', असं सरसकट सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. ३ एप्रिल २००४ ला तो वॉशिंग्टनच्या डी. सी. युनायटेड क्लबकडून पहिला सामना खेळला आणि दोनच आठवड्यांत त्याने पहिला गोल केला. त्या मोसमात ३० सामने, ५ गोल आणि संघाला एमएलएस कप, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य लीगचं विजेतेपद. पुढे इंग्लंडचा स्टार झालेल्या वेन रूनीचा एव्हर्टनकडून पहिला प्रीमियर लीग मोसम ३३ सामने, ६ गोल असा होता, आणि तेव्हा तो १६-१७ वर्षांचा होता. म्हणजे अडूची सुरुवात मुळीच वाईट नव्हती.

घसरण झाली ती पुढच्या दोन मोसमांत: ४ गोल, मग २.

त्याचा खरा खेळ स्ट्रायकरच्या मागे, मधोमध. ती जागा संघातल्याच क्रिस्तियन गोमेझची झाली (२००६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला), त्यामुळे अडू बऱ्याचदा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, गेला किंवा बदली म्हणून उतरला. इथेच खरी मेख आहे. शेवटची वीस मिनिटं मिळालेला मुलगा काय करतो? बॉल आला की दोघा-तिघांना चकवायला जातो. चौदा वर्षांखालच्या मुलांमध्ये ते खपतं, कारण त्या वयात वेगातला फरक प्रचंड असतो. तिशीतला डिफेंडर टॅकलसुद्धा करत नाही, नुसता खांदा लावतो आणि बॉल गेला. त्यावर उपाय एकच: बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघायचं, एक-दोन टचमध्ये पास द्यायचा आणि लगेच जागा बदलायची. ही सवय पूर्ण ९० मिनिटांचे सामने दर आठवड्याला खेळूनच लागते. पण २००४ मध्ये लीगमध्ये राखीव संघांची स्पर्धाच नव्हती, म्हणजे तसे सामने खेळायला दुसरी जागाच नव्हती. शिवाय लीगमधला सर्वाधिक पगार, वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर, त्याचाच. म्हणून तो मैदानात दिसणं सगळ्यांना हवंच होतं.

युरोपला आधी का गेला नाही, हाही प्रश्न येतो. फिफाचा कलम १९ चा नियम १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी बदली रोखतो. मोजके अपवाद आहेत, जसं पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर. जून २००७ मध्ये अडू १८ चा झाला आणि जुलैमध्ये पोर्तुगालच्या बेनफिका क्लबने त्याला घेतलं. ऑगस्टमध्येच प्रशिक्षक फर्नांडो सँटोस यांना काढलं. नव्या प्रशिक्षकाकडे अर्धवट तयार पोराला घडवायला सवड नसते. त्यानंतर मोनाको, बेलेनेन्सेस, आरिस, रिझेस्पोर, असं लोनवर (दुसऱ्या क्लबांकडे तात्पुरतं) फिरणं सुरू झालं.

एमएलएसमध्ये सर्वांत कमी वयात खेळण्याचा अडूचा विक्रम १७ जुलै २०२४ ला कॅव्हन सुलिव्हनने मोडला, तोही १४ वर्षांचाच. पण त्याच्या क्लबने, फिलाडेल्फिया युनियनने, त्याला उतरवलं ते ८५व्या मिनिटाला, सामना जवळपास जिंकलेला असताना. आणि त्याआधी तो क्लबच्या दुसऱ्या संघाकडून मोठ्या माणसांविरुद्ध खेळलेला होता. मँचेस्टर सिटीकडे जायचा करारही १८ पूर्ण झाल्यावरचाच आहे.