लेआउट एडिटरमध्ये ट्रान्झिस्टर कोणत्या क्रमाने मांडावेत?

ए आणि बी यांचा अँड, त्याचा सीबरोबर नॉर, असं सहा ट्रान्झिस्टरचं लॉजिक गेट तुम्ही मॅजिक या चिप-लेआउट एडिटरमध्ये काढलंय. डीआरसी, म्हणजे लेआउटच्या नियमांची तपासणी, स्वच्छ आहे, पण सेल, म्हणजे गेटाची पूर्ण मांडणी, फार रुंद झालाय. शिवाय पुढे डिफरन्शियल जोडीही, म्हणजे दोन इनपुटमधला फरक वाढवणारी दोन जुळ्या ट्रान्झिस्टरची जोडी, मांडायची आहे.

वर्णनावरून दिसतं की सहाही ट्रान्झिस्टर सुटे ठेवलेत. दोन सुट्या डिफ्यूजनमध्ये (ट्रान्झिस्टरची टोकं बनवणाऱ्या सिलिकॉनच्या भागांमध्ये) नियमाचं अंतर सोडावंच लागतं, आणि रुंदी तिथेच जाते. शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरची टोकं एकाच नेटवर, म्हणजे एकाच विद्युत जोडणीवर, असतील तर ती सामाईक करा. म्हणजे वर पीमॉस प्रकारच्या ट्रान्झिस्टरची एक सलग पट्टी, खाली एनमॉस प्रकारच्यांची एक, आणि दोन्ही ओलांडणाऱ्या पॉलीच्या (पॉलिसिलिकॉनच्या) तीन उभ्या रेघा, ए, बी, सी या इनपुटांसाठी एकेक; पट्टी ओलांडते तिथे रेघ ट्रान्झिस्टरचं गेट बनते. आता प्रश्न फक्त रेघांच्या क्रमाचा उरतो, आणि तो एडिटर उघडण्याआधी कागदावर सोडवायचा.

तुमच्या गेटात खाली ए आणि बी एकसर, सी त्यांना समांतर. वर ए आणि बी समांतर, सी त्यांच्याशी एकसर. वरच्या मधल्या नेटला म म्हणू, खाली ए-बीमधल्या नेटला क्ष.

क्रम ए, बी, सी घ्या. खाली डावीकडून नेट येतात: आउटपुट, क्ष, ग्राउंड, आउटपुट. वर: म, व्हीडीडी (वीजपुरवठ्याचं धन टोक), म, आउटपुट. कुठेही पट्टी तुटत नाही. आता ए, सी, बी करून बघा. खाली जमतं, पण वर व्हीडीडी, म, आउटपुट असं गेल्यावर बीला आउटपुटवर टोकच नाही. तिथे पट्टी तोडावी लागते. दोन्ही बाजूंना एकच क्रम चालेल असा हा ऑयलर मार्ग (प्रत्येक ट्रान्झिस्टरमधून एकदाच जाणारा सलग मार्ग) शोधणं, हेच खरं मांडणीचं काम. मला ते या कामातलं सर्वांत सुंदर पाऊल वाटतं.

पहिल्या क्रमाचा आणखी फायदा: व्हीडीडीचा काँटॅक्ट (डिफ्यूजन आणि धातू यांचा सांधा) वर रेलकडे, म्हणजे पुरवठ्याच्या धातूच्या पट्टीकडे, जातो, ग्राउंडचा खाली. म जोडणारी आणि आउटपुट जोडणारी धातूची पट्टी आतल्या बाजूने जाते. सगळं धातूच्या पहिल्याच थरात बसतं, काही ओलांडावं लागत नाही. क्षला तर काँटॅक्टही नको.

एन-वेल (पीमॉसखालचा भाग) व्हीडीडीला आणि सबस्ट्रेट (चिपचा तळ) ग्राउंडला बांधणारे टॅप, म्हणजे जोडणीचे काँटॅक्ट, विसरू नका, नाहीतर लॅच-अपचा, म्हणजे व्हीडीडी आणि ग्राउंडमध्ये शॉर्टसारखा प्रवाह अडकून राहण्याचा, धोका. आणि स्वच्छ डीआरसीवर थांबू नका. ती फक्त अंतरं, रुंद्या असे आकारांचे नियम बघते; ए आणि सीच्या तारा अदलाबदल झाल्या तरी ती गप्प राहील. ते एलव्हीएसच, म्हणजे लेआउटची सर्किटच्या आराखड्याशी तुलनाच, पकडतं.

डिफरन्शियल जोडीत मात्र जागा वाचवण्याची सवय बाजूला ठेवा. तिथे दोन ट्रान्झिस्टर एकसारखे असणं महत्त्वाचं. प्रत्येकाचे दोन समान भाग करून ते पहिला, दुसरा, दुसरा, पहिला असे लावा. ऑक्साइडची जाडी एका दिशेने हळूहळू बदलत असेल तर तो फरक दोघांत सारखा वाटला जातो. ट्रान्झिस्टरची सगळी गेटं (पॉलीच्या रेघा) एकाच दिशेला ठेवा, एखादं नव्वद अंशांत फिरवलेलं चालणार नाही. टोकाच्या गेटला एका बाजूला शेजारी नसल्याने ते वेगळं कोरलं जातं, म्हणून दोन्ही टोकांना एकेक डमी, म्हणजे सर्किटमध्ये काम न करणारा ट्रान्झिस्टर, लावा. डमीचं गेट मोकळं सोडायचं नाही: एनमॉस असेल तर ग्राउंडला, पीमॉस असेल तर व्हीडीडीला बांधा.