पाणी कोण उपसतो, ते आधी विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नेदरलँड्सवरच्या तुझ्या प्रबंधाची तिन्ही प्रकरणे वाचली आणि त्यांना जोडलेली चिठ्ठीही वाचली. 1953 चा पूर तू प्राकृतिक भूगोलात घेतलास, लोकसंख्येच्या प्रकरणात तोच पुन्हा आला, आणि बांधांच्या खर्चाच्या निमित्ताने आर्थिक प्रकरणातही शिरला. मार्गदर्शकांनी 'पुनरुक्ती' असा शेरा मारला, आणि तीनपैकी कोणत्या दोन ठिकाणचा पूर गाळावा असे तू मला विचारतेस. एकाही ठिकाणचा गाळू नकोस. दोष पुराचा नाही. देश तीन खणांत घडी घालून ठेवण्याची जी सवय आम्ही शिक्षकांनीच तुम्हांला लावली, तिचा आहे.

31 जानेवारीच्या त्या रात्री वायव्येचे वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, हे झाले प्राकृतिक. नैऋत्येच्या झीलंड प्रांतातले बांध कमी उंचीचे आहेत हे अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होते, पण महायुद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशाचा पैसा दुसरीकडे खर्च होत होता, हे झाले आर्थिक. त्यात 1,836 माणसे गेली. यांतले कोणते वाक्य दुसऱ्याशिवाय उभे राहते, ते मला सांग.

म्हणून माझे एकच म्हणणे आहे, आणि ते या पत्रात पुन:पुन्हा येईल. कंटाळलीस तरी वाच. त्या देशातल्या कोणत्याही जागेविषयी लिहिण्याआधी विचार, की इथले पाणी कोण उपसतो आणि त्या उपशाचे पैसे कोण भरतो.

'पोल्डर', म्हणजे बांध घालून आणि पाणी उपसून राखलेली सखल जमीन, या शब्दाला तू कंसात 'खाजण' असा प्रतिशब्द दिला आहेस. शब्द गोड आहे, पण तो तिथे शोभत नाही. गोव्याच्या आणि आपल्या कोकणाच्या खाजणात ओहोटीला मानशीचे, म्हणजे बांधातल्या झडपेचे, दार उघडते आणि पाणी आपल्या वजनाने बाहेर जाते. नेदरलँड्समध्येही सुरुवातीला असेच चालत असे. पण तिथली जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. तिच्यातले पाणी काढले की ती आकसते, तिला हवा लागते, ती अक्षरशः हवेत विरते आणि खचत जाते. शेतीसाठी चर खणले म्हणून जमीन खाली गेली, जमीन खाली गेली म्हणून ओहोटीलाही पाणी बाहेर पडेना, आणि म्हणून पंधराव्या शतकापासून पवनचक्क्या उपशाला लागल्या. तू पवनचक्कीला 'निसर्गरम्य परंपरा' म्हटले आहेस. बाई गं, तो नाइलाज होता! पुढे वाफ आली, मग डिझेल आले, मग वीज आली, आणि नाइलाज मात्र तोच राहिला. गौडा शहराच्या परिसरात जमीन आजही खचते आहे. पाण्याची पातळी खाली ठेवावी तर जुन्या घरांखालचे लाकडी खांब उघडे पडून कुजतात. वर ठेवावी तर कुरणात ट्रॅक्टर रुततो. घरमालकाला वरची पातळी हवी, शेतकऱ्याला खालची. हे भांडण तू कोणत्या प्रकरणात घालणार आहेस?

हे भांडण जिथे सुटते, त्या संस्थेला तुझ्या प्रबंधात अर्धा परिच्छेद मिळाला आहे, याचा मला राग आला. वाटरस्खाप, म्हणजे पाणीमंडळ. आज अशी 21 मंडळे आहेत, त्यांतल्या काहींची मुळे तेराव्या शतकात जातात. दर चार वर्षांनी त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, शेतकऱ्यांसाठी काही जागा राखीव असतात, आणि प्रत्येक घराला त्यांच्या कराचे वेगळे बिल येते. कोणत्या चरात किती सेंटिमीटरवर पाणी ठेवायचे याचा लेखी ठराव हे मंडळ करते, आणि पुष्कळ ठिकाणी उन्हाळ्याची पातळी निराळी व हिवाळ्याची निराळी असते. पाणी कोण उपसतो आणि पैसे कोण भरतो, या दोन्हींचे उत्तर तिथे एकाच कागदावर मिळते. असा देश अभ्यासाला मिळाला आणि तू लांबी-रुंदीपासून सुरुवात केलीस!

मी एकदाच तिथे गेलो होतो, पुतण्याकडे. हार्लेममेर हे पूर्वी मोठे सरोवर होते. 1849 ते 1852 या काळात वाफेच्या तीन उपसा केंद्रांनी ते कोरडे केले, आणि ॲमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ आज त्याच तळावर आहे. कडेच्या बांधाखालच्या रस्त्यावर मी उभा होतो. शेतातला चर माझ्या पायांखाली, आणि सरोवराला वेढणारा कालवा माझ्या डोक्याच्या वर. त्यातून एक होडी गेली, तिचा तळ शेतात चरणाऱ्या गाईंच्या पाठीपेक्षा उंच असावा. ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात पाण्याने भरलेल्या काचेच्या तीन नळ्या आहेत. दोन नळ्यांत समुद्राची चालू पातळी हलताना दिसते. तिसरीतले पाणी 4.55 मीटरवर असते, ती 1953 ची खूण. मान वर करून ती पाहिली तेव्हा माझे वय साठीच्या पुढे होते, आणि मला एक विद्यार्थी आठवला.

तुझ्या पहिल्या प्रकरणात 'निम्म्याहून अधिक देश समुद्रसपाटीखाली' आहे आणि तिसऱ्यात '26 टक्के'. तुझा गोंधळ मी समजू शकतो, कारण हवामानबदलाच्या आंतरसरकारी समितीनेही 2007 च्या अहवालात 55 टक्के छापले होते. पुढे 2010 साली नेदरलँड्सच्याच सरकारी पर्यावरण संस्थेने कबूल केले की मजकूर त्यांच्याकडूनच चुकीचा गेला: 26 टक्के भूमी समुद्रसपाटीखाली आहे, आणखी 29 टक्के भूमीला नद्यांच्या पुराचा धोका आहे, आणि दोहोंची बेरीज एकाच नावाखाली गेली. समुद्राचे पाणी आणि ऱ्हाइन-मासचे पाणी यांतला भेद पुसला गेला. पण मी कोणाला हसू? 'निम्मा देश समुद्राखाली' हे वाक्य मीही बावीस वर्षे फळ्यावर लिहिले. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, मग पावसाचं पाणी जातं कुठं?" मी त्याला खाली बसायला सांगितले. वर्गात नव्वद मुले होती, अभ्यासक्रम संपवायचा होता, परीक्षेत तो प्रश्न येणार नव्हता. ही सगळी कारणे खरी आहेत. तरी उत्तर मला येत नव्हते, हे त्याहून खरे आहे.

आता तुझे आर्थिक प्रकरण. मूल्याच्या हिशेबाने नेदरलँड्स हा शेतमालाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक, हे तू ठळक अक्षरांत लिहिलेस. त्यातला सुमारे एकतृतीयांश माल तिथे पिकतच नाही, हे लिहिले नाहीस. तू नाशिकची आहेस म्हणून सांगतो: दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून द्राक्षांच्या ज्या पेट्या 'रॉटरडॅम' असे लेबल लावून निघतात, त्या आपल्या आकडेवारीत नेदरलँड्सच्या नावावर चढतात, म्हणून तो देश आपल्या द्राक्षांचा सर्वांत मोठा ग्राहक दिसतो. एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश ती सगळी द्राक्षे कशी खाईल? बराच माल तिथून ट्रकने जर्मनीकडे आणि इतरत्र जातो. हे रॉटरडॅमलाच का घडते, तर ते ऱ्हाइनच्या मुखाशी आहे आणि 1872 सालापासून समुद्राकडे जाणारा त्याचा खोदलेला जलमार्ग मोकळा आहे. पूर अडवायचा तर तोंड बंद हवे, बंदर चालवायचे तर उघडे हवे. म्हणून 1997 साली तिथे एरवी उघडी राहणारी आणि वादळात मिटणारी दोन अजस्र दारे बसवली. पाणी आणि पैसा, पुन्हा एकत्र.

तू म्हणशील, दक्षिण लिम्बुर्गमध्ये टेकड्या आहेत, 322 मीटरची उंची आहे, तिथे तुमचे सूत्र लंगडे पडते. मीही काही काळ असेच समजत होतो. पण तिथे कोळशाच्या खाणी होत्या, आणि खाणीतले पाणीही उपसावेच लागे. 1974 साली शेवटची खाण बंद झाली, पुढे उपसाही थांबला, बोगद्यांत पाणी भरत गेले, आणि हेर्लेन शहराने त्याच कोमट पाण्यावर इमारती गरम करण्याची योजना उभारली. रोजगार गेलेल्या, तरुण माणसे सोडून चाललेल्या प्रदेशाचा भूगोल तू तिथून सुरू करू शकतेस. उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनच्या नैसर्गिक वायूचेही तसेच: 1959 साली साठा सापडला, देश श्रीमंत झाला, जमीन खचली, भूकंपाने घरांना तडे गेले, 2023 मध्ये उत्पादन थांबवले; आणि जमीन खचली तेव्हा तिथल्या चरांच्या पातळ्याही बदलाव्या लागल्या.

मला हट्टी म्हणतात, ते तुझ्याही कानावर असेल. एका पाठ्यपुस्तकाच्या समितीतून मी याच कारणावरून बाहेर पडलो. देशांचे धडे खणांत वाटायचे नाहीत, असा माझा आग्रह होता. तो मान्य झाला नाही, आणि मी पुढच्या बैठकीला गेलो नाही. आत राहून एखादा धडा तरी बदलता आला असता, असे आता वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटते की नसता आला.

तुझ्या मार्गदर्शकांशी भांडू नकोस. प्रकरणांची नावे त्यांना हवी तीच ठेव, पण तिन्ही प्रकरणे हार्लेममेरच्या त्याच एका तळावरून चालू कर: पहिल्यात तिथली माती आणि पाण्याच्या पातळ्या, दुसऱ्यात तिथे वस्तीला आलेली माणसे, तिसऱ्यात धावपट्टी. पाणीपातळीचे ठराव डच भाषेत आहेत, पण त्यातले निम्मे आकडेच असतात; तेवढे तुला वाचता येतील. पहिले प्रकरण दिवाळीआधी पाठव. आणि जागा कमी पडत असेल तर पान 31 वरचा ट्यूलिपचा फोटो काढ, पुराला हात लावू नकोस.

तुझा,
सर