पोराला मित्रासारखीच वाकडी स्टिक हवीय, घेऊ का?

प्रश्न : आमचा मुलगा ११ वर्षांचा आहे, मिसिसागात (कॅनडा) आइस हॉकी खेळतो, यू-१३ म्हणजे १३ वर्षांखालच्या गटात, राइट विंगला (उजवीकडचा फॉरवर्ड). मला आणि ह्यांना क्रिकेटपलीकडे ओ की ठो कळत नाही. आता त्याला पी-२८ कर्व्हचीच (ब्लेडच्या वळणाचा नंबर) स्टिक हवीय कारण मित्राकडे तीच आहे. दुकानदार म्हणतो पी-९२ न्या, कोच म्हणतात पी-८८. मला तर तिन्ही सारख्याच दिसतात आणि स्टिक काही स्वस्त येत नाही. नक्की कुठली घेऊ?
— एक आई, मिसिसागा

उत्तर : ताई, समोरून बघितलं तर त्या सगळ्यांनाच सारख्या दिसतात. सुतार फळी सरळ आहे का बघतो ना एक डोळा मिटून, तसं ब्लेडच्या, म्हणजे खालच्या पात्याच्या, टोकाकडून बघा, मग फरक कळेल. पी-८८ मधोमध हळूच वळतो आणि त्याचा फेस (पक, म्हणजे रबरी चकती, लागते ती बाजू) बऱ्यापैकी उभा असतो. पी-९२ मध्ये वळण थोडं पुढे सरकलेलं आणि फेस जरा वर उघडलेला. पी-२८ मात्र बरंच अंतर सरळ जातो आणि शेवटी टोकाशी, म्हणजे ‘टो’पाशी, गळासारखा वळतो. (हे कोड कंपनीप्रमाणे बदलतात बरं का, बाउअरचा पी-९२ म्हणजे सीसीएमचा साधारण पी-२९, त्यामुळे नुसता नंबर पाठ करून दुकानात जाऊ नका.)

आता फेस उघडा असला की पक पटकन उचलला जातो, आणि वळण टोपाशी असलं की पक टोकाशी ओढून झटकन स्नॅप शॉट सुटतो, पोरांना व्हिडिओत दिसतं ते टो-ड्रॅग वगैरे सगळं हेच. पण कर्व्ह फुकट काही देत नाही हो. पुढच्या बाजूला जेवढी खोली जास्त तेवढी मागची बाजू फुगीर, म्हणजे बॅकहँडला (मागच्या बाजूनं मारताना) पक ब्लेडवर बसतच नाही, घसरतो. आणि सपाट पास द्यायला गेलं की तो उड्या मारत जातो.

हे मी स्वतः भोगलंय. रविवारी रात्री आम्ही चाळिशीतले लोक खेळतो, तिथे मी हौसेनं पी-२८ घेऊन गेलो, टीव्हीवर बघून. महिनाभर गोलीला (गोलकीपरला) माझ्यापासून काहीही धोका नव्हता, जो होता तो गोलमागच्या काचेला. बायको म्हणाली जुनी कुठे टाकलीस, तर ती गॅरेजमध्येच होती, गपचूप परत काढली.

तर असं करा, पुढच्या तीन मॅचला कॉफी घेऊन बसालच, तेव्हा मोजा. बोर्डला (रिंकच्या कडेच्या भिंतीला) चिकटून पक काढतो किती वेळा, पास घेतो-देतो किती, बॅकहँड किती आणि खरे शॉट किती. ह्या वयाच्या विंगरचे शॉट बहुतेक वेळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि बाकीचं सगळं पक सांभाळण्यात जातं. तसंच निघालं तर कोच बरोबर आहेत, पी-८८ घ्या. शॉट भरपूर मारतोय पण सगळे खालूनच गोलीच्या पॅडवर आदळतायत, वर जातच नाहीत, तर पी-९२ चा विचार करायला हरकत नाही. पी-२८ साठी अजून दोन-तीन वर्षं थांबवा, रुसला तर रुसू दे.

कर्व्हपेक्षा जास्त नुकसान चुकीच्या लायमुळे होतं असं माझं मत आहे आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. लाय म्हणजे ब्लेड आणि दांडा यांच्यातला कोन, स्टिकवर ५ किंवा ६ असा आकडा असतो. जुन्या स्टिकची टेप कुठे झिजलीय ते बघा. हीलकडे (ब्लेडचा दांड्याजवळचा भाग) झिजली असेल तर टो हवेत राहतोय, स्टिक लांब असेल, थोडी कापा किंवा कमी आकड्याची घ्या. टोकडे झिजली तर उलट, जास्त आकड्याची. मधे झिजली असेल तर देवाचे आभार माना आणि तोच आकडा परत घ्या.

आणखी एक, राइट विंग म्हणजे राइट हँड स्टिक असं नसतं! कुठला हात खाली धरतो ते बघायचं. आपल्याकडचा उजवा बॅट्समन बॅटवर उजवा हात खाली धरतो, तीच पकड इथे राइट शॉट. कॅनडात मात्र बरीच पोरं लेफ्ट धरतात. कर्व्ह त्या-त्या बाजूचाच असतो, उलटी आणलीत तर पैसे पाण्यात.

पोराला समजवायला एक गोष्ट सांगा. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सगळे सरळ ब्लेडनीच खेळायचे. शिकागोच्या स्टॅन मिकिताची स्टिक प्रॅक्टिसमध्ये चिरून वाकडी झाली, वैतागून त्यानं त्याच स्टिकनं पक मारला आणि तो भलताच सुटला, असा किस्सा आहे. मग तो आणि त्याच्याच टीमचा बॉबी हल मुद्दाम ब्लेड वाकवायला लागले, इतके की त्याला केळंच म्हणायचे, आणि तेव्हा बरेच गोली मास्कशिवाय उभे राहायचे, विचार करा. शेवटी एनएचएलनं (तिथली सगळ्यात मोठी लीग) वळणावर मर्यादा घातली, १९७० मध्ये ती अर्ध्या इंचावर आणली, आता पाऊण इंच आहे. १९९३ च्या स्टॅन्ली कप (ह्याच लीगचा कप) फायनलच्या दुसऱ्या मॅचला लॉस एंजेलिस २-१ नं पुढे होतं, पावणेदोन मिनिटं उरलेली आणि मॉन्ट्रियलच्या कोचनी लॉस एंजेलिसच्या मार्टी मॅक्सॉर्लीची स्टिक मोजायला लावली. कर्व्ह जास्त निघाला, पेनल्टी झाली म्हणजे तो दोन मिनिटं बाहेर, मॉन्ट्रियलनं बरोबरी केली, ओव्हरटाइमला मॅच काढली आणि पुढे कपही नेला.

प्रश्न : मी पिंपरीत टर्फवर हॉकी खेळतो, मिडफिल्डला. ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकनं ओढत नेऊन गोलकडे उडवणं) शिकायचंय म्हणून लो बो स्टिक घेऊ का?
— एक खेळाडू, पिंपरी

उत्तर : तुझ्या हॉकीत ब्लेड नाही तर अख्खा दांडा वाकलेला असतो, तोच बो. नियमानं तो जास्तीत जास्त २५ मिमी आणि त्याचा सगळ्यात खोल भाग खालच्या टोकापासून किमान २०० मिमी वर हवा. लो बोमध्ये हा भाग खाली असतो, म्हणून बॉल ओढताना दांड्याला धरून राहतो, फ्लिकला मस्त. पण जोरात हिट मारलास की बॉल उचलला जाऊ शकतो, आणि मिडफिल्डला तुला सपाट पास द्यायचेत. टीमचा पेनल्टी कॉर्नर तूच घेणार असशील तर घे, नाहीतर मिड बो (खोल भाग जरा वर असलेली). आधी एखाद्या सीनियरची लो बो मागून दोन आठवडे खेळून बघ, आणि फ्लिक नाही, साधे पासच मारून बघ.