तरुण आणि ज्येष्ठांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या गुणांची थेट तुलना करता येते का?

तुम्ही 44 विधानांची बिग फाइव्ह प्रश्नावली (बहिर्मुखतेसारखे पाच मुख्य स्वभावगुण मोजणारी) कॉलेजच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना दिलीत, ज्येष्ठांची बहिर्मुखता कमी निघाली आणि आता 'वयानुसार माणूस अंतर्मुख होतो' असं प्रबंधात लिहावं का, असं विचारताय. इतक्यात लिहू नका. आधी प्रश्नावली दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजते का ते बघा, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) नंतर.

खरी गोम विधानांत असते. बहिर्मुखतेच्या आठ विधानांपैकी एक 'अंगात भरपूर ऊर्जा असते' अशा अर्थाचं आहे. गप्पिष्ट, माणसांत रमणारे, पण गुडघ्यांनी जेरीस आलेले आजोबा तिथे 1 (असहमत) ते 5 (सहमत) या पट्टीवर 4 ऐवजी 2 वर खूण करतात. तेवढ्यानेच त्यांची आठ विधानांची सरासरी 0.25 ने घसरते. स्वभाव आहे तसाच, मोजले गेले गुडघे. ज्येष्ठांसाठीच्या नैराश्य मापनीत (1983) झोप, भूक असे शारीरिक प्रश्न मुद्दाम टाळले, ते याच कारणाने.

अल्फा (विधानांचा आपसातला मेळ सांगणारा आकडा) 0.80 आला म्हणून निर्धास्त राहू नका. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच त्यातून कळतं. दोन गट त्यांना सारखी उत्तरं देतात का, याचा त्याच्याशी संबंध नाही.

त्यासाठी मल्टिग्रुप सीएफए करा, म्हणजे विधानांमागची रचना दोन्ही गटांत एकाच वेळी तपासणारं घटक विश्लेषण. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधलं लव्हान पॅकेज पुरतं. आधी दोन्ही गटांत रचना तीच आहे का ते बघा, मग लोडिंग (विधानाचं त्या स्वभावगुणाशी असलेलं नातं किती घट्ट) समान धरा, मग इंटरसेप्टही (स्वभाव सारखा असताना त्या विधानाला मिळणारा मूळ गुण). एखाद्या पायरीवर सीएफआय (मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणारा आकडा) 0.01 पेक्षा जास्त घसरला की थांबा. गाडी बहुतेकदा इंटरसेप्टपाशी अडते. अशा वेळी मॉडिफिकेशन इंडेक्स (कोणती अट काढली तर मॉडेल किती सुधारेल ते सांगणारा आकडा) बघून दोषी विधानं समानतेच्या अटीतून मोकळी सोडा. निम्म्याहून अधिक सोडावी लागली, तर सरासरींची तुलनाच सोडा. पाचही स्वभावगुण एकाच मॉडेलमध्ये कोंबू नका. या प्रश्नावलीचं तसं मॉडेल एका गटातही नीट बसत नाही, मग वयाला दोष कशाला? एकेक स्वभावगुण स्वतंत्र घ्या.

गटात दीड-दोनशेही माणसं नसतील तर ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन (1 ते 5 अशा क्रमवार उत्तरांचा अंदाज बांधणारी पद्धत) बरं. विधानाचा गुण 'वाय', उरलेल्या सात विधानांची बेरीज 'एक्स', त्यात वयोगट घाला, मग बेरीज आणि वयोगट यांचा गुणाकार. बेरीज सारखी असूनही वयोगटाने लक्षणीय फरक पडला, तर ते विधान झुकतं माप देतंय. सगळ्या विधानांची चाचणी होणार, म्हणून पी-व्हॅल्यू (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) सुधारून घ्या, नाहीतर एखादं विधान उगाच दोषी ठरेल.

डेटा गोळा कसा केलात हेही लिहा. मुलांनी मोबाइलवर गुगल फॉर्म भरला आणि आजी-आजोबांना कुणी वाचून दाखवलं, तर समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देण्याकडे ज्येष्ठांचा कल वाढतो. तो वयाचा परिणाम नव्हे. शक्य असेल तर दोघांनाही कागदच द्या, 16 पॉइंटच्या अक्षरात. कमी शिकलेल्यांत प्रत्येक विधानाला 'सहमत' म्हणण्याची सवय जास्त दिसते, तेव्हा उलट विधानं ('गप्प' सारखी, उलट दिशेने मोजणारी) रिकोड करण्यापूर्वी, म्हणजे त्यांचे गुण उलटे करण्यापूर्वी, एकदा चाळा: 'बोलका' आणि 'गप्प' दोन्हींना 5 देणारे किती आहेत ते मोजा. दोन्ही गटांत शिक्षण जुळवलेलं नसेल तर ते विश्लेषणात घ्या.

हे सगळं पार पडून फरक टिकला, तरी वाक्य 'या नमुन्यातील ज्येष्ठांची बहिर्मुखता तरुणांपेक्षा कमी आढळली' इतकंच लिहा. एकाच वेळी घेतलेल्या डेटावरून वय आणि पिढी वेगळी काढता येत नाही, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.